माहितीचा शोध कोणाकडे पाहून शिकायचा?

ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या अभ्यासक्रमात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांचे नाव येते, पण बहुतेक वेळा ते वापरकर्त्यांच्या वर्तनाच्या प्रकरणात, एखाद्या आकृतीतल्या चौकटीपुरते येते. विद्यार्थी ती आकृती पाठ करतात, परीक्षेत काढतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. महाविद्यालयीन ग्रंथालयात वाचकांना प्रशिक्षण देण्याचे काम करताना माझे मत असे बनले आहे की, त्या छोट्या चौकटीत आपल्या व्यवसायाचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. माणूस बरेच काही दुसऱ्याकडे पाहून शिकतो, असे बँडुरांचा सामाजिक अध्ययन सिद्धांत सांगतो. मग जे काम करताना सहसा कोणी कोणाला दिसतच नाही, ते काम माणसाने शिकायचे कसे? सुताराच्या हाताखाली राहणाऱ्या मुलाला रंधा कसा धरतात, लाकूड कोणत्या बाजूने तासतात हे रोज दिसते; पण उत्तम संशोधक संदर्भ कसे शोधतो, कोणते शब्द टाकून पाहतो, काय वाचून सोडून देतो आणि कुठे थांबतो, हे त्याच्या शेजारी बसणाऱ्यालाही ठाऊक नसते. दिसते ती फक्त लेखाच्या शेवटी छापलेली संदर्भसूची.

हा प्रश्न नीट समजण्यासाठी बँडुरांनी नेमके काय दाखवले ते आधी पाहावे लागेल, कारण ‘मुले मोठ्यांचे अनुकरण करतात’ एवढ्या एका वाक्यात त्यांचे काम गुंडाळले जाते आणि त्यातला आपल्या उपयोगाचा भाग हातातून निसटतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अध्ययनाच्या विचारावर वर्तनवादाचा पगडा होता. प्राणी असो वा माणूस, तो स्वतः काही करतो, त्याचे बरे-वाईट फळ त्याला मिळते आणि त्या फळामुळे ते वर्तन पक्के होते किंवा गळून पडते, अशी ती मांडणी होती. नील मिलर आणि जॉन डोलार्ड यांनी १९४१ मध्ये अनुकरणावर ग्रंथ लिहिला, परंतु त्यांच्याही मते अनुकरण करणाऱ्याला त्याचे फळ मिळाल्याशिवाय ते रुजत नव्हते. १९५४ मध्ये ज्युलियन रॉटर यांनी ‘अपेक्षा’ ही कल्पना पुढे आणली. अमुक केल्याने तमुक मिळेल असे माणसाला वाटणे आणि त्या मिळण्याचे त्याच्या लेखी मोल असणे, या दोहोंवर वर्तन ठरते, असे त्यांनी सांगितले. बँडुरा यांच्या आधी एवढी पायवाट पडलेली होती.

बँडुरा १९५३ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठात होते. डोरोथिया रॉस आणि शीला रॉस यांच्यासह त्यांनी केलेला प्रयोग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या बालवाडीतली ७२ मुले त्यात होती. काही मुलांसमोर एका प्रौढ व्यक्तीने हवा भरलेल्या मोठ्या बाहुल्याला ठोसे मारले, लाकडी हातोड्याने बडवले आणि त्यासोबत ठरावीक शब्द उच्चारले. काहींसमोर ती व्यक्ती शांतपणे दुसऱ्याच खेळात गुंतली. उरलेल्यांना असे काहीच दाखवले नाही. पहिल्या गटातल्या मुलांनी नंतर तीच कृत्ये, कित्येकदा तेच शब्द वापरून, करून दाखवली. पाहताना त्यांना काही करायला लावले नव्हते आणि कोणते बक्षीसही दिले नव्हते. तरीही ती शिकली होती.

मला मात्र त्यानंतरचा, १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यात मुलांना एक चित्रफीत दाखवण्यात आली. एका गटाने पाहिलेल्या चित्रफितीच्या शेवटी मारहाण करणाऱ्याला शाबासकी आणि खाऊ मिळतो, दुसऱ्या गटाच्या चित्रफितीत त्याला शिक्षा होते, तिसऱ्या गटाच्या चित्रफितीत दोन्ही नसते. शिक्षा झालेली पाहिलेल्या मुलांनी अनुकरण कमी केले. इथवर अपेक्षेप्रमाणेच झाले. पण मग प्रयोगकर्त्यांनी सर्व मुलांना सांगितले की, त्या माणसाने केलेले जे जे आठवते ते करून दाखवा, प्रत्येक गोष्टीबद्दल बक्षीस मिळेल. तेव्हा तिन्ही गटांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे शिकली सगळीच होती; फक्त काहींनी शिकलेले वापरले नव्हते. शिकणे आणि शिकलेले करून दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद या प्रयोगाने पक्का केला. वाचकाने प्रश्न विचारला नाही म्हणजे त्याला गरज नाही, किंवा विद्यार्थ्याने डेटाबेस वापरला नाही म्हणजे त्याला तो येत नाही, असे अनुमान आपण ग्रंथालयात किती सहज काढतो, हे आठवले म्हणजे या भेदाचे महत्त्व लक्षात येते.

१९७७ मध्ये बँडुरांनी या सर्व कामाची मांडणी एका छोट्या ग्रंथात केली. पाहून शिकण्यासाठी चार प्रक्रिया लागतात, असे त्यात त्यांनी सांगितले: ज्याच्याकडे पाहायचे त्या प्रतिमानाकडे अवधान हवे, पाहिलेले शब्दांच्या किंवा प्रतिमांच्या रूपात स्मरणात राहायला हवे, ते स्वतःला करता यायला हवे, आणि ते करण्याची प्रेरणा हवी. १९८६ मध्ये त्यांनी या विचाराचा विस्तार करून त्याला ‘सामाजिक बोधात्मक सिद्धांत’ असे नाव दिले. व्यक्ती, तिचे वर्तन आणि तिचा परिसर हे तिन्ही एकमेकांना घडवतात, हे त्याचे मध्यवर्ती सूत्र आहे. माहितीशास्त्राने बँडुरांकडून जी गोष्ट सर्वांत आधी उचलली, तीही १९७७ मधलीच आहे. त्या वर्षी एका स्वतंत्र लेखात त्यांनी स्व-क्षमतेवरील विश्वासाची कल्पना मांडली होती. एखादे काम आपल्याला जमेल असे माणसाला वाटते की नाही, यावर तो ते हाती घेईल का, अडचण आल्यावर किती काळ टिकेल आणि किती कष्ट घेईल हे ठरते. हा विश्वास चार ठिकाणांहून येतो. स्वतः करून मिळालेले यश हा त्याचा सर्वांत भक्कम आधार. त्याखालोखाल आपल्यासारख्याच कोणाला ते जमताना पाहणे. मग इतरांनी दिलेला धीर. आणि शेवटी छातीत होणारी धडधड किंवा हाताला सुटणारा घाम यांसारख्या शारीरिक खुणांचा आपण लावलेला अर्थ.

ही कल्पना माहितीशास्त्रात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने माहितीशास्त्राचे अभ्यासक टॉम विल्सन यांना जाते. त्यांनी १९८१ मध्ये माहितीच्या गरजेवर लिहिलेला लेख आजही अभ्यासला जातो. १९९० च्या दशकात त्यांनी माहिती शोधण्याच्या वर्तनाचे आपले आकृतीरूप प्रारूप सुधारले, तेव्हा त्यांच्यापुढे एक साधा पण अवघड प्रश्न होता: गरज असूनही माणूस शोध का घेत नाही? गरज आणि शोध यांच्यामध्ये काहीतरी चालना देणारे असले पाहिजे, असे म्हणून त्यांनी तिथे दोन सिद्धांत बसवले. एक जोखीम आणि लाभ यांचा, दुसरा सामाजिक अध्ययनाचा, आणि त्यातही स्व-क्षमतेवरील विश्वासाचा. हा स्रोत उपयोगी आहे हे ठाऊक असूनही तो आपल्याला वापरता येणार नाही असे वाटणारा माणूस त्याकडे फिरकत नाही. हेच ते आकृतीतल्या चौकटीचे म्हणणे. त्यामागे केवढा अनुभव साठलेला आहे, हे संदर्भ विभागात बसणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

त्यानंतर मोजमापाचे काम बरेच झाले. डेबोरा कॉम्पो आणि ख्रिस्तोफर हिगिन्स यांनी १९९५ मध्ये संगणक वापरण्याच्या बाबतीतल्या अशा विश्वासाची मापनश्रेणी तयार केली. सेरप कुर्बानोग्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये माहिती साक्षरतेसाठी २८ विधानांची श्रेणी प्रसिद्ध केली. त्या श्रेणींच्या आधारे पुष्कळ प्रबंध लिहिले गेले. त्यांचे मोल मी नाकारत नाही, पण या ओघात विश्वास मोजणे सोपे म्हणून तेवढेच मोजत राहण्याची सवय जडली आणि तो विश्वास येतो कुठून, विशेषतः दुसऱ्याला पाहून येतो तो भाग, मागे पडला, असे मला वाटते. शिवाय विश्वास म्हणजे कौशल्य नव्हे. मेलिसा ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत असे दिसले की, माहिती साक्षरतेच्या चाचणीत कमी गुण मिळवणारे विद्यार्थी स्वतःच्या कौशल्याचा अंदाज बराच जास्त बांधतात. ज्याने कधी चांगला शोध पाहिलेलाच नाही, त्याने आपला शोध तोलायचा तरी कोणत्या मापाने?

इथे कॉन्स्टन्स मेलन यांच्या १९८६ मधल्या अभ्यासाकडे यावेसे वाटते. दोन वर्षांच्या काळात सुमारे सहा हजार विद्यार्थ्यांनी ग्रंथालयात संशोधन करतानाच्या आपल्या अनुभवांबद्दल केलेले लेखन त्यांनी तपासले. त्यातल्या ७५ ते ८५ टक्के विद्यार्थ्यांनी आपली पहिली प्रतिक्रिया भीतीच्या भाषेत सांगितली होती. ‘ग्रंथालय-चिंता’ ही संकल्पना तिथून रूढ झाली. पण या अभ्यासातला जो भाग मला सर्वांत बोलका वाटतो, तो आकड्यांच्या पुढे आहे. विद्यार्थ्यांना असे वाटत होते की, इतरांना हे सगळे येते, आपल्यालाच येत नाही. हे न येणे लाजिरवाणे आहे. आणि प्रश्न विचारला तर आपले अज्ञान उघडे पडेल. आता याकडे बँडुरांच्या नजरेने पाहू. प्रत्येक विद्यार्थ्याला शेजारचा विद्यार्थी शांतपणे बसून वाचताना दिसतो. त्याने ते पुस्तक मिळवण्यासाठी किती फेऱ्या मारल्या, किती चुकीच्या कपाटांपुढे तो उभा राहिला, हे दिसत नाही. म्हणजे प्रतिमान समोर आहे, पण त्याच्या वर्तनाचा शेवटचा तुकडाच तेवढा दृष्टीस पडतो. त्या तुकड्यावरून विद्यार्थी एकच धडा घेतो, तो म्हणजे हे काम इतरांना सहज जमते. पाहून शिकण्याची यंत्रणा इथे बंद पडलेली नसते. ती चालूच असते आणि चुकीचे शिकवत असते. मेलन यांनी हा अर्थ लावलेला नाही, तो माझा आहे. पण त्यांच्या निष्कर्षांशी तो जुळतो असे मला वाटते.

असे असेल तर उपायही त्याच दिशेला सापडायला हवा, आणि तो वाचक-प्रशिक्षणाच्या वर्गात अगदी थेट लागू पडतो. आपल्याकडच्या नेहमीच्या प्रात्यक्षिकात ग्रंथपाल आदल्या दिवशी चाचपून ठेवलेला विषय घेतो, बरोबर तेच शब्द टाकतो आणि पहिल्याच पानावर उत्तम लेखांची रांग लागते. विद्यार्थी माना डोलावतात. नंतर स्वतः बसले की त्यांना तसले काही मिळत नाही, आणि दोष आपलाच आहे असे ते मानतात. डेल शंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये गणितात मागे असलेल्या मुलांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना अपूर्णांकांची उदाहरणे सोडवणारी त्यांच्याच वयाची मुले दाखवण्यात आली. काही प्रतिमाने पहिल्यापासून अचूक सोडवत होती. काही अडखळत, चुकत, ‘हे मला जमेलसे वाटत नाही’ असे म्हणत सुरुवात करून हळूहळू सावरत होती. अडखळत सावरणाऱ्यांना पाहिलेल्या मुलांचा विश्वास आणि कौशल्य, दोन्ही अधिक वाढले. निर्दोष सादरीकरण पाहून माणूस प्रभावित होतो. शिकण्यासाठी मात्र त्याला सावरण्याची रीत दिसावी लागते.

म्हणून मी वर्गात विषय विद्यार्थ्यांकडून घेते आणि तो आधी पाहून ठेवत नाही. अशा एका तासात रात्रपाळीत काम करणाऱ्यांच्या स्मरणशक्तीचा विषय निघाला होता. ‘पबमेड’ या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमध्ये आम्ही ‘नाइट शिफ्ट’ आणि ‘मेमरी’ हे दोनच शब्द टाकले. आलेल्या यादीत उपयोगाचे थोडे आणि आडवाटेचे बरेच होते. काही लेख तर प्रयोगशाळेतल्या उंदरांवरचे होते. मी मोठ्याने म्हटले, ‘‘हे आपल्याला नको आहे, पण यातला एक लेख विषयाच्या अगदी जवळ आहे, तो उघडून त्याला कोणती विषयशीर्षके दिली आहेत ते पाहू या.’’ तिथे ‘शिफ्ट वर्क शेड्यूल’ ही संज्ञा मिळाली. आपल्या तोंडी असलेला शब्द आणि अनुक्रमणिकाकाराने लावलेला शब्द वेगळे असू शकतात, हे त्या क्षणी सांगितल्यावर जसे पोहोचते तसे व्याख्यानात पोहोचत नाही. मग आम्ही ती संज्ञा वापरून पुन्हा शोध घेतला. आता यादी आटली, पण स्मरणशक्तीऐवजी झोपेच्या तक्रारींवरचे लेख वर आले. एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘मॅडम, इथे थांबायचं की अजून शब्द बदलायचे?’’ शोधाच्या कामातला हा खराखुरा निर्णय आहे आणि तयार करून आणलेल्या प्रात्यक्षिकात तो कधीच येत नाही. ‘मेमरी’ऐवजी ‘कॉग्निशन’ टाकून पाहावे असे तिनेच सुचवले, आणि त्यानंतरचा अर्धा तास मी जवळजवळ काहीही न बोलता काढला.

यातली मोठ्याने विचार करण्याची बाब बँडुरांच्या चौकटीत नेमकी बसते. शोधाचे कौशल्य हालचालींत थोडे आणि निवाड्यात पुष्कळ असते, त्यामुळे हाताच्या हालचाली दाखवून फारसे काही साधत नाही. मनातला निवाडा शब्दांत आणावा लागतो. बोधात्मक प्रतिमान म्हणतात ते हेच. याचे फार चांगले उदाहरण सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांच्या अभ्यासात आहे. त्यांनी व्यावसायिक तथ्य-तपासनीस, इतिहासाचे अभ्यासक आणि स्टॅनफर्डचे पदवी-विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळे तपासायला दिली आणि तपासताना मनात येईल ते बोलायला सांगितले. इतिहासकार आणि विद्यार्थी बराच वेळ त्याच संकेतस्थळावर राहून मजकूर, बोधचिन्ह, पत्ता न्याहाळत बसले. तथ्य-तपासनीसांनी ते पान जवळजवळ लगेच सोडले, नव्या टॅब उघडल्या आणि त्या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते पाहिले. शोधाचे निकाल आल्यावरही त्यांनी पहिल्याच दुव्यावर बोट दाबले नाही. खालपर्यंत नजर फिरवून मग निवड केली. मोठ्याने बोलायला लावल्यामुळेच ही रीत बाहेर आली, आणि एकदा ती बाहेर आल्यावर वर्गात शिकवता येऊ लागली. त्या तथ्य-तपासनीसांच्या मागे कोणी बसलेच नसते तर ‘आमच्याबद्दल’ हे पान काळजीपूर्वक वाचा, असा उपदेश आपण अजूनही करत राहिलो असतो.

वर्गाबाहेर तर हे शिकणे सतत चालू असते आणि माहितीशास्त्राने त्याची दखल फार थोड्या ठिकाणी घेतली आहे. मायकेल ट्विडेल, डेव्हिड निकोल्स आणि ख्रिस पेस यांनी १९९७ मध्येच दाखवले की, ग्रंथालयातला शोध आपण समजतो तितका एकट्याचा नसतो. लोक एकाच पडद्यापुढे गोळा होतात, शेजाऱ्याला विचारतात, एकमेकांचे शब्द उचलतात. पुढे ट्विडेल यांनी खांद्यावरून डोकावून होणाऱ्या अशा छोट्या, अनौपचारिक शिकण्याचा स्वतंत्र अभ्यास केला. काही मिनिटांत, कामाच्या ओघात, कोणी कोणाला ‘हे इथे दाब’ असे सांगते आणि शिकवणाऱ्याला आपण शिकवले हे जाणवतही नाही. मला याचा धडा जागेच्या रचनेपर्यंत न्यावासा वाटतो. एकेका संगणकाभोवती उंच आडोसे उभे करणे खासगीपणासाठी योग्य असते, पण सगळीच जागा तशी केली तर शेजाऱ्याकडून शिकण्याची वाट आपण स्वतःच्या हाताने बंद करतो. दोघा-तिघांना एकत्र बसता येईल अशा काही जागा प्रत्येक वाचनकक्षात असायलाच हव्यात.

पाहून शिकण्यासाठी माणूस प्रत्यक्ष समोर हवा असे मात्र नाही. मागे उरलेल्या खुणाही पुरतात. अमेरिकी अभियंता व्हॅनेव्हार बुश यांनी १९४५ मध्ये मेमेक्स या काल्पनिक यंत्राबद्दल लिहिताना हा विचार किती पुढे नेला होता, हे पुन्हा वाचताना दर वेळी जाणवते. एका दस्तऐवजाकडून दुसऱ्याकडे जाणारी वाट वाचकाने जोडायची, जपून ठेवायची आणि दुसऱ्याला द्यायची, अशी त्यांची कल्पना होती. शिष्याला गुरूच्या निष्कर्षांबरोबर ते ज्या मचाणावर उभे राहिले ते मचाणही मिळावे, असे त्यांना वाटत होते. आजच्या इंटरनेटवरच्या जाळ्याने त्यातले दुवे घेतले, पण जपलेली आणि देता येणारी वाट बाजूला राहिली. १९९२ मध्ये बेलकोर या दूरसंचार संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी मजकुराच्या कडेच्या सरकपट्टीवर, कोणता भाग किती वेळा वाचला गेला आणि किती वेळा बदलला गेला, याच्या खुणा उमटवून दाखवल्या होत्या. हाताळून मऊ पडलेल्या पानांवरून पुस्तकाचा वापर कळावा, तसे काहीसे. त्याच वर्षी टॅपेस्ट्री या प्रणालीने, इतर वाचकांनी दिलेल्या प्रतिसादांच्या आधारे मजकूर गाळून घेण्याची रीत पुढे आणली, आणि शिफारस करणाऱ्या आजच्या अनेक प्रणाली त्या घराण्यातल्या आहेत.

या खुणांपासून माणूस काय शिकतो, याबद्दल मात्र सावध राहिले पाहिजे. मॅथ्यू सॅल्गनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चौदा हजारांहून अधिक लोकांना अनोळखी गाणी ऐकायला आणि उतरवून घ्यायला दिली. काहींना इतरांनी किती वेळा कोणते गाणे घेतले तो आकडा दिसत होता, काहींना दिसत नव्हता. आकडा दिसणाऱ्यांच्या वेगवेगळ्या गटांत लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली आणि कोणते गाणे वर जाईल हेही गटागणिक बदलले. बँडुरांच्या भाषेत सांगायचे तर इथे प्रतिमानाच्या वर्तनातला फक्त निकाल दिसतो, त्यामागचा निवाडा दिसत नाही. उद्धरणांच्या संख्येवरून लेख निवडणारा विद्यार्थी आणि आकडा पाहून गाणे उचलणारा श्रोता यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. खुणा जपायच्या तर ‘किती जणांनी घेतले’ याच्या जोडीला ‘कोणत्या प्रश्नासाठी घेतले आणि कशाऐवजी घेतले’ हेही जपावे लागेल. आणि ते वाचकाच्या संमतीने जपावे लागेल, कारण कोण काय वाचतो हे गुप्त ठेवणे ग्रंथालयाच्या नीतीचा गाभा आहे आणि तो कोणत्याही सिद्धांतासाठी सोडता येणार नाही.

सामाजिक अध्ययनाची दुसरी, अवघड बाजू माहितीशास्त्राच्या अभ्यासक एल्फ्रेडा चॅटमन यांच्या लेखनात भेटते. सफाई कामगार, निवृत्त स्त्रिया, कारागृहातल्या स्त्रिया अशा समूहांमध्ये राहून, ऐकून त्यांनी काम केले. अशा लहान, बंदिस्त जगात राहणारी माणसे आपल्या अडचणी लपवतात, बाहेरच्या माहितीवर विश्वास ठेवत नाहीत, आणि विचारणे धोक्याचे आहे असे मानतात, हे त्यांनी दाखवले. अशा जगात न विचारणे हीदेखील शिकलेली गोष्ट असते. नव्याने आलेली व्यक्ती इतरांकडे पाहते, विचारणाऱ्याचे काय होते ते पाहते आणि गप्प बसायला शिकते. १९६५ च्या प्रयोगातल्या शिक्षा पाहिलेल्या मुलांपेक्षा हे फार वेगळे नाही. फरक एवढाच की, इथे नंतर कोणी येऊन ‘आता दाखव, बक्षीस देतो’ असे म्हणत नाही. म्हणून अशा समूहापर्यंत पोहोचताना भित्तिपत्रके आणि माहितीपुस्तिका पुरत नाहीत. त्यांच्यातल्याच कोणीतरी सर्वांदेखत विचारले आणि तिचे काही बिघडले नाही, उलट काम झाले, हे दिसावे लागते. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने कितीही धीर दिला तरी तो बँडुरांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावरच राहतो.

आता या सगळ्यावर उत्तरे तयार करून देणाऱ्या यंत्रांची भर पडली आहे. शोधयंत्र निदान निकालांची यादी देत होते. त्या यादीतून निवडताना माणूस काहीतरी ठरवत होता आणि शेजारी बसलेल्याला ते दिसत होते. संभाषणातून उत्तर देणारे यंत्र सलग परिच्छेद देते. वाचकाचा वेळ वाचवा, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितलेल्या पाच नियमांपैकी चौथा नियम मला प्रिय आहे आणि हे यंत्र तो वेळ वाचवते यात शंका नाही. परंतु ज्याला उत्तर हवे आहे त्या वाचकाचा वेळ आणि ज्याला शोध शिकायचा आहे त्या विद्यार्थ्याचा वेळ एकाच मापाने मोजता येत नाहीत. विद्यार्थ्याच्या बाबतीत मला अशी साधने हवी आहेत, ज्यांत कोणते शब्द शोधले, कोणते स्रोत पाहून सोडले आणि का सोडले, हे उत्तरासोबत उलगडून पाहता येईल.

हे अशक्य कोटीतले मागणे नाही, कारण एका क्षेत्राने ते अर्धेअधिक करून दाखवले आहे. वैद्यकातल्या पद्धतशीर आढाव्यांमध्ये, म्हणजे एका प्रश्नावरचे संशोधन ठरावीक रीतीने गोळा करून तपासणाऱ्या लेखांमध्ये, शोधाची संपूर्ण रीत छापण्याची अपेक्षा असते. २०२१ मध्ये आलेल्या ‘प्रिझ्मा-एस’ या १६ कलमी मार्गदर्शिकेनुसार कोणते डेटाबेस पाहिले, कोणत्या तारखेला पाहिले आणि प्रत्येकात नेमकी कोणती शोधवाक्ये चालवली, हे जसेच्या तसे नोंदवायचे असते. मी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अशी परिशिष्टे ओळीने वाचायला देते, आणि संदर्भसूची वाचून जे कळत नाही ते त्यांना तिथे कळते. पण त्या परिशिष्टांतही येते ते शेवटी पक्के केलेले शोधवाक्य. त्याआधी टाकून पाहिलेले आणि सोडून दिलेले शब्द तिथे नसतात. डेटाबेसच्या शोध-इतिहासात ते सत्र संपेपर्यंत तरी असतात, म्हणून या वर्षीपासून प्रबंधाच्या विद्यार्थ्यांना तो इतिहास उतरवून घ्यायला, प्रत्येक ओळीपुढे शब्द का बदलला ते एका वाक्यात लिहायला आणि संमती असेल तर पुढच्या तुकडीसाठी नाव काढून ग्रंथालयात ठेवायला सांगायचे, असे मी ठरवले आहे.